उंबऱ्याच्या आतला पाय

दानीएलमामांशी माझं पहिलं भांडण झालं ते मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात. नंतरची मोजली नाहीत. राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या हॉस्पिटलात वॉचमनपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी मोनिका, फिजिओथेरपिस्ट. मला वेळ पाळायची सवय, आणि मामा म्हणजे दुसऱ्याचा वेळ खाणारा माणूस. पेशंट त्यांच्याकडे पायाचं माप द्यायला गेला की अर्धा अर्धा तास परत यायचा नाही. मी इकडे चालायच्या दांड्यांपाशी घड्याळ बघत उभी, आणि तिकडे मामा विचारतायत, तुमच्याकडं गाय आहे का म्हैस? धार कोण काढतं? संडास घरात की बाहेर? वाटेत ओढा लागतो का?

"मामा, पायाचं माप घ्यायचंय की सोयरीक जुळवायचीय?" एकदा मी दारातूनच ओरडले.

"दोन्हीला चौकशी लागतेच की, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पेशंटला विचारलं, "हं, मग विहीर किती लांब?"

दानीएल वाघचौरे, वय अठ्ठावन्न. कृत्रिम पाय बनवणारे. डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला, त्यामुळे मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर. चालताना त्याचा खट् खट् आवाज यायचा. अंगावरचा खाकी कोट प्लास्टरनं इतका पांढरा झालेला की मूळ रंग शोधावा लागे. वर्कशॉप म्हणजे आमच्या इमारतीच्या मागची पत्र्याची खोली, एका बाजूला धोबीघर आणि दुसऱ्या बाजूला जनरेटर. नगरहून जामखेड रोडला लागलं की आमचं हॉस्पिटल दिसतं. वर्कशॉप मात्र आत येऊनही कुणाला दिसत नाही, विचारत विचारत जावं लागतं.

आमची कामाची पद्धत तेव्हा अशी होती की पेशंटपेक्षा त्याची फाईल जास्त फिरायची. मोठे डॉक्टर जखमेचं लिहायचे, नॅन्सी सिस्टर पायाच्या काळजीचं लिहायच्या, आहारतज्ज्ञ साखरेचं, मी चालण्याचं. दर मंगळवारी आम्ही चौघं एका टेबलाशी बसून आपापलं पान वाचून दाखवायचो. मामांना कुणी बोलवत नसे. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. टेक्निशियनला मीटिंगला कशाला बोलवायचं, एवढंच. मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, हे आज सांगायला लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर गोजरबाई आल्या. श्रीगोंद्याच्या अलीकडे रानात त्यांची वस्ती. बारा वर्षांची शुगर, पायाची जाणीव गेलेली. तोडणी झालेल्या उसात अनवाणी गेल्या आणि उसाचं खोडकं उजव्या तळव्यात घुसलं. "मला ठावंच न्हाई की गं. घरात रगताचे ठसे दिसले तवा म्हनलं, कोन आलंय रगताळलेलं? बघते तर मीच!" असं हसत सांगायच्या. जखम चिघळली, आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. नवरा आठ वर्षांपूर्वी वारलेला. एकुलता मुलगा राधाकृष्ण चाकणला कंपनीत. वस्तीवर दोन खोल्यांचं घर, एक गाय, आणि दोन शेतं ओलांडून शेजारीण भागूबाई.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हात धरला. "पोरी, मला चालाय शिकव. मला माझ्या घरी जायचंय. राधा म्हंतोय चाकणला चल. पाचव्या मजल्यावर बसून ऱ्हायाला मी काय कबुतर हाय का?"

मुलगा वाईट नव्हता हो. उलट फार जीव होता त्याचा आईवर. त्यानं मला बाजूला घेऊन सरळ सांगितलं, "मॅडम, आई तिचं तिचं करायला लागली तर राहू दे वस्तीवर. नाही जमलं तर मी घेऊन जाणार. रानात एकटी टाकून मला तिकडं काम सुचत नाही." आईचं घर राहणार की बंद होणार, ते आता आमच्या हातात होतं.

पाय तयार झाला. तो बसवून, तिरका-सरळ करून पेशंटला उभं करायचा दिवस उजाडला. पावणेदहाला मामांचा निरोप आला, "पाच मिनिटं द्या, ताईंशी थोडं बोलायचंय." मी तडक वर्कशॉपात गेले. साडेदहाला मोठे डॉक्टर राउंडला येणार होते आणि मला त्यांच्यासमोर बाई उभी करून दाखवायची होती.

"काय बोलायचंय मामा? गाय का म्हैस? गाय आहे. झालं? बाकी सगळं फाईलमध्ये लिहिलंय, वाचा आणि बसवा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. फाईल उघडली. तीत नॅन्सी सिस्टरनं लाल शाईत लिहिलं होतं, 'अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही. सदैव मऊ तळव्याची चप्पल.' शुगरवाल्यांना आम्ही जी चप्पल देतो तिची टाच पुढच्या भागापेक्षा बोटभर उंच असते. कृत्रिम पायाचा घोटा आपल्यासारखा हवा तसा वळत नाही. टाच किती उंच आहे त्या हिशेबानं तो एकदाच बसवावा लागतो. मामांनी त्या चपलेवर पाय बसवला, चावीनं स्क्रू आवळले आणि मी बाईंना घेऊन गेले. साडेदहाला मोठे डॉक्टर "वा!" म्हणाले, तेव्हा मी केवढी फुगले होते!

तीन आठवड्यांत गोजरबाई कॉरिडॉरमधून झपाझप चालायला लागल्या. उतारावरून, पायऱ्यांवरून, बाहेरच्या खडीवरूनसुद्धा. घरी गेल्या तेव्हा वॉर्डातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. फाईलवर आमच्या चौघांच्या सह्या झाल्या.

पाचव्या दिवशी बाई परत आल्या त्या स्ट्रेचरवरून. डोक्याला मागच्या बाजूनं सहा टाके, उजवं मनगट सुजलेलं. स्वयंपाकाच्या खोलीत चुलीपुढे मागच्या मागे पडल्या होत्या. दोन तास तशाच होत्या. भागूबाई ताक मागायला आल्या म्हणून कळलं. चूल पेटलेली होती, आणि पदर तिच्यापासून हातभर लांब होता.

राधाकृष्ण चाकणहून आला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही सगळ्यांनी सही केली होती ना, मॅडम?"

त्या दिवशी तातडीची मीटिंग झाली. मोठे डॉक्टर म्हणाले, जखम उत्तम भरलीय. सिस्टर म्हणाल्या, चपलेचं मी लाल शाईत लिहून दिलं होतं. आहारतज्ज्ञ म्हणाली, शुगरचे आकडे बघा, चक्कर यायचं कारणच नाही. मी माझा तक्ता काढला, सहा मिनिटांत किती मीटर चालल्या ते वाचून दाखवलं. सगळ्यांचे कागद बरोबर होते आणि बाई पडली होती.

मग राग काढायला मी कुठे जाणार? वर्कशॉपात. "मामा, तुमच्या पायातच काहीतरी खोट आहे!"

मामांनी तो पाय आधीच टेबलावर उभा करून ठेवला होता. चपलेसकट. नळी सरळ होती, ओळंब्यात. त्यांनी चप्पल काढून घेतली आणि पाय पुन्हा उभा केला. नळी मागे कलली. हात काढून घेतल्याबरोबर पाय टेबलावर उताणा पडला.

"ताई चप्पल कुठं काढतात, ते विचारलं होतं का कुणी?" मामांनी हळू विचारलं.

आमच्या भागात कोण बाई चप्पल घालून चुलीपुढे जाते? तिथंच देवाची फळी असते. मी स्वतः केडगावला फ्लॅटमध्ये राहते, गॅसवर स्वयंपाक करते, तरी चप्पल दाराशी काढते. आई तशी, मावशी तशी, सिस्टरच्या घरीही तसंच. आम्ही सगळे रोज संध्याकाळी घरी जाऊन तेच करत होतो, आणि दिवसभर हॉस्पिटलात बसून 'सदैव चप्पल' या शब्दांखाली सह्या करत होतो. गोजरबाईही बिचाऱ्या हो म्हणाल्या होत्या. त्यांच्या लेखी घरात चप्पल नसते हे सांगायची गोष्टच नव्हती.

"चूक माझी," मामा म्हणाले. "मी विचारायला पाहिजे होतं."

एवढंच. तुम्ही विचारू दिलं नाही, असं ते म्हणाले असते तर मी कडाडून भांडले असते आणि मोकळी झाले असते. ते म्हणालेच नाहीत. मला तिथंच रडू फुटलं. मामांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढून दिला. तोही प्लास्टरचा! माझ्या तोंडाला पांढरं लागलं ते सिस्टरनं नंतर पुसलं.

मी तशीच मोठ्या डॉक्टरांकडे गेले आणि सांगितलं, "मामा विचारणार होते. मी थांबवलं." डॉक्टर म्हणाले, "वाघचौरेंना बोलवा." मीटिंगच्या खोलीत पाचवी खुर्ची नव्हती. बाहेरून बाक ओढून आणावा लागला.

मामा बसले, पण म्हणाले, "साहेब, इथं बसून काही कळायचं नाही. त्यांच्या घरी जावं लागंल. सगळ्यांनी मिळून. एकेकट्यानं गेलो तर पुन्हा एकेकटंच दिसंल."

राधाकृष्णला हे पटलं असं नाही, पण आईच्या डोळ्यांतलं पाणी बघून तो नरमला. "पंधरा दिवस," म्हणाला. "पंधरा दिवसांनी मी वस्तीवर येतो. आई एकटी राहू शकते, हे तुम्ही तिथं माझ्यासमोर सांगायचं. नाही सांगता आलं तर मी टेम्पो घेऊनच येतोय."

दोन दिवसांनी हॉस्पिटलच्या जीपमधून आम्ही निघालो. मी, नॅन्सी सिस्टर, मामा आणि मागच्या सीटवर उशीला टेकून गोजरबाई. ऊसतोडीचे दिवस, रस्त्यावर ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर. घोगरगावच्या पुढे एक तास अडकलो. सिस्टर कुरकुरत होत्या, मामा खिडकीतून बघत होते आणि गोजरबाई कुणाचा ऊस कोणत्या कारखान्याला चाललाय ते आम्हाला सांगत होत्या.

घराशी आलो. मी सँडल काढल्या. सिस्टरनं त्यांचे पांढरे बूट काढले. ड्रायव्हरनं काढले. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आत जाता जाता सिस्टर एकदम थबकल्या आणि मागे वळून त्या चपलांच्या ओळीकडे बघत राहिल्या.

मामांचा बूट मात्र कॅलिपरला जोडलेला. तो एकटा निघत नाही. मामा उंबऱ्यावर बसले आणि मांडीपासूनचे पट्टे सोडायला लागले.

"आवो दादा, ऱ्हाऊ द्या की, असंच या," गोजरबाई कळवळल्या.

"नको ताई. चुलीपर्यंत यायचंय मला." त्यांनी अख्खं कॅलिपर काढून उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि एक हात भिंतीला, दुसरा स्वतःच्याच गुडघ्यावर दाबून आत आले. इतक्या वर्षांत मी मामांना कॅलिपरशिवाय पाहिलं नव्हतं. तो पाय मनगटाएवढा होता. मी दुसरीकडे बघितलं. फिजिओथेरपिस्ट असून.

मग आत जुंपली. मामांनी पायाचे स्क्रू सैल करून घोटा अनवाणी चालीला बसवला, तर सिस्टर उसळल्या. "म्हणजे घरात अनवाणी फिरायची मुभा? अहो, तिला एकच पाऊल उरलंय! तेही गेलं म्हणजे?"

"चुलीफुडं चप्पल? माझ्या सासूनं घातली न्हाई, मी न्हाई घालायची," गोजरबाई ठाम.

"त्याच हट्टापायी पाय गेला ना?"

"गेला तर गेला. पन देवाफुडं चप्पल न्हाई म्हंजी न्हाई!"

मी मध्ये पडणार होते, मामांनी खुणेनं थांबवलं. दोघी बोलून बोलून दमल्या. मग मामांनी विचारलं, "ताई, हरकत चपलेला आहे, का पाय झाकायला?"

गोजरबाई विचारात पडल्या. "झाकायला कशाची हरकत? थंडीत मोजं घालतेच की मी."

सिस्टरनं डोळे बारीक केले. त्या घरी गोधड्या शिवतात, मी पाहिल्यात. त्यांनी गोजरबाईंचं डावं पाऊल मांडीवर घेतलं, वितीनं मापलं आणि पुटपुटल्या, "दोन पदरी जाड कापड. तळाला लोकरीचा जाड नमदा. चामडं नाही, रबर नाही. दोन्ही पायांना सारखं, म्हणजे उंचीत फरक नको." मग वर बघून दटावलं, "पण रोज रात्री तळवा आरशात बघायचा! जखम दिसली की मला फोन!" बाहेर घालायला टाच आणि पुढचा भाग सारख्याच उंचीचा असलेली सपाट चप्पल ठरली, म्हणजे उंबऱ्याच्या आत-बाहेर पायाची मांडणी तीच राहील.

गोजरबाई उठल्या, चुलीपर्यंत गेल्या, देवाच्या फळीपर्यंत गेल्या, माठातलं पाणी घेऊन आल्या. कुठे कलल्या नाहीत. मला एवढं हायसं वाटलं! "झालं! आता नाही पडणार तुम्ही," मी म्हणाले.

"पडणार की," मामा म्हणाले.

मी डोळे वटारले. चांगलं चाललेलं असताना ह्या माणसाच्या जिभेला हाड नाही!

"बाई, मी छप्पन वर्षं एका पायावर चालतोय. आजही महिन्यातनं एकदा पडतो. तुम्ही ह्यांना चालायला शिकवलं. पडल्यावर उठायला कुठं शिकवलंय?"

परतीच्या वाटेवर त्यांनी पहिल्यांदाच स्वतःचं सांगितलं. पुणतांब्याजवळच्या खेड्यात वडील मिशनच्या शाळेत मास्तर. दानीएल वर्गात पडला की पोरं धावायची. एक दिवस मास्तरांनी फर्मान काढलं, दानीएलला कुणी हात लावायचा नाही. तो उठेपर्यंत वर्ग थांबेल. "पहिल्या दिवशी अख्खा मराठीचा तास गेला. सगळी पोरं गप्प बसलेली. मी रडलो, शिव्या दिल्या, बापाकडं बघितलं. बाप फळ्याकडं तोंड करून उभा. त्याचे खांदे हलत होते, ते मला दिसत होतं. शेवटी बाकाचा पाय धरून उठलो. तवापासून कुणाची वाट बघितली नाही."

सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. माझ्या पाच वर्षांच्या अभ्यासात पडल्यावर उठण्याची पानं होती, परीक्षेत मी ती लिहिलीही होती. पेशंट 'चालला' की माझं काम झालं, असं मात्र मीच ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डाच्या हॉलमध्ये गाद्या पसरल्या. मनगटावर भार द्यायचा नव्हता तोवर नुसतं कुशीवर वळणं. एक्स-रे बघून मोठ्या डॉक्टरांनी परवानगी दिली तशी पुढची पायरी. आहारतज्ज्ञ खाण्याच्या वेळा बघून सांगायची, आत्ता नको, साखर उतरलेली असेल. सिस्टर रोज कापलेल्या पायाचं टोक तपासायच्या, कुठे लाल झालंय का. मामा कॅलिपर काढून स्वतः गादीवर पडून दाखवायचे आणि मी म्हणायचे, "मामा, असं नाही, खांद्याला हिसका बसेल, आधी कोपर." ते म्हणायचे, "पुस्तकात ठीक आहे, पण हाताशी कोपर टेकायला जागा नसली तर?" असं भांडत भांडत आम्ही दोघांनी मिळून एक रीत बसवली. ती आमच्यापैकी एकाचीही एकट्याची नव्हती. गोजरबाई आमची भांडणं बघून हसायच्या आणि पुन्हा पडायच्या. नातेवाईक दारात उभे राहून म्हणायचे, या लोकांचं डोकं फिरलंय, म्हातारीला पाडतायत!

पंधरावा दिवस. वस्तीवर मी, सिस्टर आणि मामा गोजरबाईंना घेऊन गेलो होतो. मोठे डॉक्टरही आले होते, नोकरीत पहिल्यांदाच पेशंटच्या घरी. राधाकृष्णचा टेम्पो आंब्याखाली उभा. गोजरबाईंनी सिस्टरनं शिवलेले कापडी मोजे घालून चूल पेटवली, भाकरी थापली, आम्हा सगळ्यांना वाढली. तो भिंतीला टेकून बघत होता. त्याचा चेहरा जरा सैल झाला होता. मग त्यानं मला विचारलं, "मॅडम, आता नाही ना पडणार आई?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. 'नाही' म्हणायला काय लागतं? एक शब्द म्हणायचा आणि जीपमध्ये बसायचं. गोजरबाईही भाकरीचा हात तसाच ठेवून माझ्याकडे बघत होत्या. मी मामांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते.

"पडतील," मी म्हणाले. "कधीतरी पडतीलच."

राधाकृष्णनं मान हलवली, तो बाहेर गेला आणि ओसरीतली खाट उचलून टेम्पोत टाकली. मग पत्र्याची पेटी. गोजरबाई उठल्या, बाहेरची चप्पल घातली आणि कुणाकडे न बघता गायीकडे गेल्या. तिला सोडून पाण्यावर न्यायची वेळ झाली होती. गायीचं काय, ती टेम्पोच्या फळीच्या आवाजानं बुजली. दावं ओढलं गेलं आणि गोजरबाई गोठ्याच्या तोंडाशी कुशीवर आदळल्या.

"आई!" राधाकृष्णनं पेटी टाकली आणि धावला.

मी त्याला आडवी गेले. कशी गेले मला माहीत नाही, माझे स्वतःचेच पाय तिकडे ओढत होते. दोन्ही हातांनी त्याचा दंड धरला. "थांबा. थांबा हो, राधाकृष्ण, एक मिनिट." तो मला ढकलत होता. सिस्टरनं तोंडावर हात घेतला होता. मोठे डॉक्टर अर्धे पुढे गेलेले, तसेच उभे राहिले. मामांनी आमच्याकडे पाठ फिरवली होती आणि ते गव्हाणीकडे तोंड करून उभे होते.

गोजरबाई थोडा वेळ तशाच पडून राहिल्या. मग त्यांनी मान उचलली, हात चाचपला, पाय चाचपला. कुशीवर वळल्या. कोपर टेकलं. मग तळहात. डावा गुडघा पोटाखाली घेतला. धरायला काही नव्हतं, गायीचा खुंट लांब होता. तेवढ्या दोन हात सरपटल्या. खुंट धरला. एकदा उठल्या, पुन्हा बसल्या. राधाकृष्ण आता मला ढकलत नव्हता. दुसऱ्यांदा उठल्या त्या उभ्याच राहिल्या.

पदरानं तोंड पुसलं, केसांतली काडी काढली आणि आधी गायीला एक शिवी हासडली. मग लेकाकडे बघितलं. तो लहान पोरासारखा रडत होता.

"रडतो कशाला?" त्या म्हणाल्या. "आता ध्यानात ठेव. मी पडले की तुला फोन न्हाई करायची. उठले की करीन. खाट आन माझी."